मराठवाड्याचा इतिहास सांगताना आपण काय गाळतो?

गोदातीर
१९ सप्टेंबर, सकाळी ९.४०

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन नुकताच पार पडला. दर वर्षीप्रमाणे ध्वजवंदन झाले, हुतात्मा स्मारकांवर पुष्पचक्रे वाहिली गेली, वर्तमानपत्रांच्या पुरवण्या निघाल्या आणि लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांच्या प्रतिमेला हार घातले गेले. हे सर्व व्हायलाच हवे. तरीही या दिवसाच्या निमित्ताने एक प्रश्न मनात घर करून बसला आहे आणि तो येथे सविस्तर मांडावासा वाटतो. आपण आपल्या प्रदेशाचा अभिमान बाळगतो, तो नेमका कोणत्या इतिहासाचा?

१५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला तेव्हा मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाच्या १६ जिल्ह्यांपैकी औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे ५ जिल्हे मराठी भाषकांचे, ८ तेलुगू भाषकांचे आणि ३ कन्नड भाषकांचे होते. निजामाने स्वतंत्र राहण्याचा मनसुबा धरला, नोव्हेंबर १९४७ मध्ये भारत सरकारशी ‘जैसे थे’ करार झाला आणि त्यानंतरच्या महिन्यांत कासीम रझवीच्या रझाकारांनी, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र स्वयंसेवकांनी, असा धुमाकूळ घातला की कित्येक कुटुंबे घरदार सोडून सरहद्दीपलीकडे निघून गेली. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य सोलापूरच्या बाजूने नळदुर्गमार्गे आत शिरले आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. एवढा भाग आपल्याकडे बहुतेकांना पाठ असतो. त्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

याच १७ सप्टेंबरचे उदाहरण घ्या. आपल्याकडे तो ‘मुक्तिसंग्राम दिन’ आहे. कर्नाटकात गेलेल्या बीदर, कलबुर्गी आणि रायचूर या भागात २०१९ पासून तो ‘कल्याण कर्नाटक उत्सव’ म्हणून साजरा होतो. तेलंगणात २०२२ साली राज्य सरकारने त्याला ‘राष्ट्रीय एकात्मता दिन’ म्हटले, त्याच वर्षी केंद्र सरकारने हैदराबादेत ‘मुक्ती दिन’ साजरा केला आणि २०२४ मध्ये नव्या राज्य सरकारने त्याच तारखेला ‘प्रजापालन दिन’ असे नाव दिले. जे लोक १९४८ साली एकाच राजवटीखाली नांदत होते, एकाच लढ्यात तुरुंगात गेले, त्यांच्या नातवंडांना एकाच दिवसाची वेगवेगळी कथा शिकवली जाते. घटना बदललेली नाही. सांगणाऱ्याची आजची गरज बदललेली आहे.

महाराष्ट्राच्या इतिहासात मराठवाड्याला कोणती जागा मिळते, हेही तपासून पाहण्याजोगे आहे. सातवाहनांचे प्रतिष्ठान म्हणजे आपले पैठण. रोमशी व्यापार करणारे तगर म्हणजे आपले तेर. मुकुंदराजांची समाधी अंबाजोगाईला. ज्ञानदेवांचे घराणे आपेगावचे, नामदेवांचे नर्सी, जनाबाईंचे गंगाखेड, गोरोबाकाकांचे तेर, एकनाथांचे पैठण, समर्थ रामदासांचे जांब. भोसले घराण्याची पाटिलकी वेरूळची. ही नामावली आपण अभिमानाने म्हणतो. परंतु तिची मांडणी नीट पाहिली तर असे दिसते की मराठवाडा जन्म देतो आणि कथा पुढे दुसरीकडे घडते. संत पंढरपूरला, आळंदीला जातात. भोसले पुण्याला जातात. आणि देवगिरीचे यादव संपल्यावर आपला प्रदेश जो पानावरून नाहीसा होतो तो थेट १९४८ मध्ये प्रकट होतो. मधली सहा शतके ‘परकीय राजवट’ या दोन शब्दांत आटोपली जातात.

त्या सहा शतकांत काहीच घडले नाही का? हबसाणातून (आजच्या इथिओपियातून) गुलाम म्हणून विकत आणलेला मलिक अंबर अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला, त्याने १६१० साली खडकी (पुढचे औरंगाबाद) वसवली, भुयारी नहरीने त्या शहराला पाणी आणले आणि जमीनमहसुलाची जी घडी बसवली तिचा दाखला पुढे पिढ्यान्‌पिढ्या दिला गेला. शहाजीराजे १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत त्याच्याच बाजूने लढले. भोकरदन तालुक्यातल्या असईला २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांशी ज्याची गाठ पडली तो आर्थर वेलस्ली पुढे नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन झाला, आणि असईची लढाई ही आपल्या आयुष्यातील सर्वांत मोठी कामगिरी असे तो मानत असे. इंग्रजी चरित्रांत असई आहे. आपल्या मुलांना तालुक्याच्या नकाशावर ती दाखवता येत नाही.

माझी तक्रार पुण्याबद्दल नाही आणि मुंबईबद्दलही नाही. दुसऱ्याच्या ग्रंथात आपल्याला अधिक पाने मिळावीत, एवढ्यासाठी भांडत बसण्यात मला अर्थ वाटत नाही. आपण स्वतः आपला इतिहास सांगतो तेव्हा तरी तो पूर्ण सांगतो का, हे मला जाणून घ्यायचे आहे. आपापल्या भागातला अनुभव सर्वांनी मोकळेपणाने लिहावा.

---

मुळाकाठ
१९ सप्टेंबर, दुपारी १२.०५

गोदातीर, आपल्या मांडणीशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे, पण एक बाजू आपण सोडलीत. ज्या प्रदेशाची कागदपत्रे टिकली, त्या प्रदेशाचा इतिहास लिहिला गेला. पुण्याला पेशवे दफ्तर राहिले. इंग्रजांनी इनामांच्या चौकशीसाठी का होईना, ते एकत्र आणले आणि सांभाळले. गो. स. सरदेसाई यांनी १९३० नंतरच्या चारच वर्षांत त्यातून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड संपादित केले. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० साली पुण्यात स्थापन झाले आणि मोडी वाचणारी माणसे तेथे तयार होत गेली. यामागे कोणाला डावलण्याचा कट नव्हता. अभ्यासक हाताशी असलेल्या दप्तरातून लिहीत गेले आणि त्या दप्तराच्या कक्षेतला प्रदेश ठळक होत गेला.

मराठवाड्याचे कागद कुठे आहेत? मोगलांच्या दख्खन सुभ्याची आणि आसफजाही राजवटीची दप्तरे हैदराबादेत तारनाक्याच्या राज्य अभिलेखागारात आहेत. ती फारसीत आणि उर्दूत आहेत. १९५६ साली प्रदेश एका राज्यात आला, त्याचे दप्तर दुसऱ्या राज्यात राहिले आणि त्या दप्तराची लिपी वाचणारी पिढी दोन्हीकडे ओसरत गेली. निलंग्यात जन्मलेल्या सेतुमाधवराव पगडींसारखा बहुभाषक अभ्यासक फारसी साधने मराठीत आणू शकला, कारण त्यांची जडणघडण आणि नोकरी त्याच संस्थानात झाली होती. आज त्या तोडीची किती माणसे घडत आहेत? तेव्हा ‘सहा शतके गाळली’ या दुःखात थोडी भर घालतो : ती वाचण्याची साधनेच आपण हातची घालवली आहेत.

---

बालाघाटी
१९ सप्टेंबर, सायंकाळी ६.३०

दोन्ही लेखन आवडले. मुळाकाठ यांनी उर्दूचा विषय काढला म्हणून लिहितो. माझ्या आजोबांचे शिक्षण उर्दू माध्यमातून झाले. त्यांना तुकोबांचे अभंग मुखोद्गत होते, पण हिशेबाची वही ते उर्दूत लिहीत. घरच्या शेताची जुनी कागदपत्रे पाहिली की मुंतखब, म्हणजे जमिनीच्या हक्काचा सरकारी कागद, उर्दूत, १९५० च्या दशकातले खासरा पाहणी पत्रक उर्दूत, आणि त्यातला एक शब्दही आम्हा नातवंडांना वाचता येत नाही. वाटणीच्या वेळी ते कागद घेऊन आम्हाला तालुक्यातल्या एका वयोवृद्ध मुस्लीम अर्जनविसाकडे जावे लागले. त्यांनी चष्मा पुसून, बोट ओळीवर ठेवून, आमच्या पणजोबांचे नाव वाचून दाखवले. आज निजामकालीन नोंदी शोधण्यासाठी सरकारी पातळीवर मोहिमा निघतात, तेव्हाही अडचण हीच येते की उर्दू, फारसी आणि मोडी वाचणारे हात अपुरे आहेत. एखादी भाषा केवळ राज्यकर्त्यांची होती म्हणून ती टाकून द्यायची, आणि पुढे आपल्याच जमिनीचा, आपल्याच कुळाचा पुरावा त्या भाषेत शोधत फिरायचे, ही मोठी हानी आहे.

मात्र एका बाबतीत सावध राहावे असे वाटते. आमचे गाव बीड जिल्ह्यात सरहद्दीवर. आजीच्या तोंडी ‘रझाकारात’ हा शब्द सालासारखा येई. अमक्याचा जन्म रझाकारातला, तमकी विहीर रझाकाराच्या आधीची. पेव फोडून जोंधळा नेला, ज्याने लेव्ही (सक्तीची धान्यवसुली) दिली नाही त्याला चावडीसमोर उभे करून मारले, आणि रातोरात बैलगाडी जुंपून आमचे घर नगर जिल्ह्यात नातलगांकडे गेले. ही दहशत ज्यांनी भोगली त्यांच्या पिढीतली शेवटची माणसे आता उरली आहेत. ‘मधला काळही चांगला होता’ असे सांगण्याच्या उत्साहात त्यांचे भोगणे फिके पडू नये.

---

बोरीकाठ
२० सप्टेंबर, सकाळी ८.१५

मी धाराशिव जिल्ह्यातली. बालाघाटी यांच्या आजीच्या तोंडी ‘रझाकारात’ हा शब्द होता. माझ्या दादीच्या तोंडी ‘पोलीस ॲक्शन’, म्हणजे सप्टेंबर १९४८ ची भारतीय सैन्याची कारवाई, हा शब्द होता. आमच्या घरात काळाचे दोन भाग होते, पोलीस ॲक्शनच्या आधीचा आणि नंतरचा. दादीचे वडील विणकर होते. रझाकारांशी त्यांचा संबंध नव्हता. सैन्य पुढे निघून गेल्यावर जे दिवस आले त्या दिवसांत ते आणि त्यांचे थोरले बंधू घराबाहेर पडले ते परतलेच नाहीत. दादी, तिची आई आणि धाकटा भाऊ शेजारच्या लिंगायत कुटुंबाच्या वाड्यात कडब्याच्या गंजीआड लपून राहिले आणि त्या घरच्या सासूने आठवडाभर त्यांना भाकरी पोहोचवली. ही गोष्ट दादीने फार उतारवयात, तीही तुकड्या-तुकड्यांनी सांगितली.

हे केवळ आमच्या घरापुरते नव्हते. १९४८ च्या अखेरीस भारत सरकारच्या वतीने पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली एक समिती संस्थानात फिरली. काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री हे तिचे अन्य सदस्य होते. पोलीस कारवाईच्या काळात आणि त्यानंतर, अत्यंत सावध अंदाजानेही, २७,००० ते ४०,००० माणसे मारली गेली, असे समितीने नोंदवले. सर्वाधिक झळ बसलेल्या ४ जिल्ह्यांत उस्मानाबाद, नांदेड, गुलबर्गा आणि बीदर होते, म्हणजे त्यातले २ आपले. रझाकारांच्या अत्याचारांची नोंदही त्याच अहवालात आहे आणि मुस्लीम शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदू कुटुंबांचीही आहे. तो अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही.

दर १७ सप्टेंबरला मी शाळेत ध्वजवंदनाला उभी राहते, कारण मी तेथे शिक्षिका आहे आणि तो झेंडा माझाही आहे. निजामाची सरंजामी राजवट गेली, ती जायलाच हवी होती, यात माझ्या मनात तीळमात्र शंका नाही. परंतु त्या दिवशीच्या भाषणांत माझ्या दादीच्या वडिलांसाठी एक ओळ कधी येत नाही, आणि समोर बसलेल्या मुलांपैकी काहींच्या घरी त्यांच्यासारखी माणसे होती हे मला ठाऊक असते.

---

बालाघाटी
२० सप्टेंबर, सकाळी ११.५०

बोरीकाठ, आपण लिहिलेत ते वाचून पुष्कळ वेळ काही सुचले नाही. आमच्या घरी पेव फोडले गेले हे जितके खरे, तितकेच आपल्या घरचे खरे आहे. एकामुळे दुसरे कमी होत नाही, आणि दुसऱ्यामुळे पहिले माफ होत नाही. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांचे स्मरण मला येथे करावेसे वाटते. भारतात विलीन व्हावे असे त्यांनी निर्भयपणे लिहिले आणि ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनी त्यांना हैदराबादच्या रस्त्यावर ठार मारले. त्यांचे नाव आपल्या भाषणांत जितके यायला हवे तितके येत नाही. ते आले असते तर हा लढा धर्माचा नव्हता हे मुलांना वेगळे सांगावे लागले नसते.

---

लेंडीखोरे
२० सप्टेंबर, दुपारी ३.२०

विषयाला थोडे वर्तमान जोडावेसे वाटते. मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्विभाषिक मुंबई राज्यात आला. त्याआधी १९५३ च्या नागपूर करारात समतोल विकासाची हमी होती. पुढे दांडेकर समितीने विकासाचा अनुशेष मोजला, राज्यघटनेच्या ३७१ (२) कलमाखाली १९९४ मध्ये विकास मंडळे आली आणि २०२० मध्ये त्यांची मुदत संपली. आमच्या पिढीला मराठवाड्याची ओळख मुख्यतः ‘अनुशेष’ या शब्दातून झाली. इतिहासाच्या चर्चेत ही वंचना यायला नको का?

---

गोदातीर
२० सप्टेंबर, सायंकाळी ५.००

लेंडीखोरे, ती यायलाच हवी, आणि १९७४ चे मराठवाडा विकास आंदोलन हा तिचा महत्त्वाचा टप्पा आहे. एवढेच वाटते की मागणीपत्रात मावेल तितकाच इतिहास आपण लक्षात ठेवायला लागलो, तर तेरच्या वस्तुसंग्रहालयातल्या हस्तिदंती बाहुलीला कोणत्याच मागणीत जागा मिळणार नाही. ती बाहुली जवळून पाहिली आहे का? दोन हजार वर्षांपूर्वी तेरणा नदीच्या काठी घडवलेले दागिने आणि नेसूचे चुणीदार काठ तिच्या अंगावर अजून मोजता येतात. तिच्यासारखीच एक मूर्ती इटलीतल्या पॉम्पेईच्या राखेखाली सापडली आहे. हे मागासलेपणाच्या कथेत बसत नाही म्हणून आपण त्याचा उच्चार करत नाही.

---

नागसेनवन
२१ सप्टेंबर, सकाळी १०.१०

चर्चा मन लावून वाचत होतो. आतापर्यंत ज्या एका प्रकरणाचा उल्लेख झालेला नाही, ते मांडल्यावाचून मराठवाड्याच्या अस्मितेचा विषय पुरा होणार नाही.

३० डिसेंबर १९३८ रोजी कन्नड तालुक्यातल्या मक्रणपूरला अस्पृश्य समाजाची परिषद भरली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिला आले. निजामी मुलुखात, वेठबिगारीच्या अमलाखाली, गावकुसाबाहेरची माणसे तेथे जमली. निजामाविरुद्धचा लढा सांगताना ही परिषद बहुधा सांगितली जात नाही, जणू तो निराळा इतिहास आहे. नोव्हेंबर १९४७ मध्ये बाबासाहेबांनीच संस्थानातल्या दलितांना जाहीरपणे सांगितले की निजामाची बाजू घेऊन आपल्या समाजाला कमीपणा आणू नका. हेही त्या दिवशीच्या भाषणांत येत नाही. पुढे १९५० मध्ये त्यांनी औरंगाबादला महाविद्यालय काढले, तेच आजचे मिलिंद. ज्या प्रदेशात उच्च शिक्षणाची सोय नावालाच होती तेथे हे घडले, आणि त्याचा लाभ सर्व जातींच्या मुलांना झाला.

यानंतरचा भाग अधिक अवघड आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे मारले गेले. या विरोधाच्या अग्रभागी कोणता शब्द होता? ‘मराठवाड्याची अस्मिता’. मराठवाडा हे नाव पुसले जाईल, असे सांगितले गेले. मुक्तिसंग्रामात हालअपेष्टा सोसलेली काही वडीलधारी मंडळीही त्या बाजूला उभी होती, आणि त्यांच्या त्यागाविषयी आदर असूनही आम्हाला हे विसरता येत नाही. १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले, तेव्हा कुठे १४ जानेवारी १९९४ रोजी ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असा नामविस्तार झाला. ज्या नावाच्या रक्षणासाठी घरे जाळली गेली, ते नाव शेवटी शाबूत राहिले. जळालेली घरे ज्यांची होती, तीही मराठवाड्याचीच माणसे होती.

माझे वडील त्या वेळी वसतिगृहात होते. सुट्टीला गावी गेले तर वस्तीतली छपरे नव्हती. त्यांच्या आईने भांडी आणि त्यांची मॅट्रिकची प्रमाणपत्रे एका पोत्यात घालून शेतातल्या बांधावर पुरून ठेवली होती. ओल लागून कडेचा भाग गेलेले ते प्रमाणपत्र आजही आमच्याकडे आहे. प्रादेशिक अभिमान या शब्दांचा उच्चार झाला की मला प्रथम त्या कागदाची आठवण होते. म्हणून अभिमान बाळगणाऱ्या प्रत्येकाला मी विचारतो की आपण ‘आम्ही मराठवाड्याचे’ म्हणता तेव्हा त्या ‘आम्ही’त कोण कोण येते?

---

वैनगंगा
२१ सप्टेंबर, रात्री ९.००

मी विदर्भातला, म्हणून थोडे बाहेरून लिहितो. नागसेनवन यांचा प्रश्न आमच्याकडेही लागू पडतो. नागपूर म्हटले की रघूजीराजे भोसले आठवतात, पण ते शहर वसवण्याचे श्रेय देवगडच्या गोंड राजाला, बख्त बुलंद शाहला जाते. चंद्रपूरचा परकोट गोंड राजांनी बांधला. आज त्या कोटाच्या वेशीतून येजा करणाऱ्या आम्हा लोकांच्या इतिहासात गोंड राजे प्रस्तावनेपुरते येतात.

दुसरी गोष्ट अभिमानाच्या सीमेची. रघूजींच्या फौजा १७४१ नंतरची दहा वर्षे बंगालवर चालून जात राहिल्या. १७५१ च्या तहाने ओडिशा नागपूरकरांच्या ताब्यात आला आणि चौथाईची रक्कम ठरली. आमच्याकडे हा पराक्रमाचा अध्याय आहे, आणि सैन्याच्या हालचालींच्या दृष्टीने पाहिले तर तो आहेच. परंतु बंगालच्या खेड्यांत याच स्वारांना ‘बर्गी’ म्हणत, आणि लेकरांना झोपवताना आया बर्गींची भीती आजवर गाण्यांतून सांगत आल्या आहेत. पिके लुटली गेली, खंडणीसाठी माणसांचे हाल झाले, हे तेथल्या समकालीन लेखनात नोंदलेले आहे. याच नागपूरकरांच्या अमलात पुरीच्या जगन्नाथाच्या व्यवस्थेकडे लक्ष दिले गेले, कोणार्कचा अरुणस्तंभ पुरीच्या सिंहद्वारासमोर आला, हेही तितकेच खरे. मी रघूजींचा अभिमान सोडलेला नाही. पण कोणा बंगाली माणसासमोर जो इतिहास मला मान वर करून सांगता येत नाही, तो मी माझ्या मुलालाही अर्धाच सांगायचा का, हा प्रश्न मला पडतो. मी त्याला दोन्ही सांगतो. त्याला त्यात अडचण वाटत नाही. अडचण मोठ्यांना वाटते.

---

मुळाकाठ
२२ सप्टेंबर, सकाळी ९.२५

वैनगंगा यांनी फार मोलाचे लिहिले. आमच्याकडच्या लेखनातही मराठा स्वाऱ्यांचे वर्णन सरदाराच्या छावणीतून केले जाते, लुटल्या गेलेल्या गावाच्या चावडीतून नाही. विशेष म्हणजे शिवछत्रपतींची १६७० च्या दशकातली जी आज्ञापत्रे उपलब्ध आहेत, त्यांत सैनिकांनी रयतेला त्रास देऊ नये आणि कारभाऱ्यांनी रयतेच्या भाजीच्या देठासही हात लावू नये अशी सक्त ताकीद आहे. म्हणजे सैन्याच्या वाटेवरच्या गावाचे काय होते, याची चिंता आपल्या परंपरेत होती. मग इतिहास लिहिताना त्या गावाकडून पाहणे आपल्याला परके का वाटावे?

---

बोरीकाठ
२२ सप्टेंबर, दुपारी १.४५

नागसेनवन, आपल्या घरातल्या त्या प्रमाणपत्राविषयी वाचले आणि वाटले की हे सर्व आता लिहून ठेवले पाहिजे. १९४८ साली दहा वर्षांचे असलेले माणूस आज ऐंशीच्या बरेच पुढे गेले आहे. हुतात्मा स्मारकाच्या फरशीवर कोरलेली नावे राहतील, पण दगडाबाई शेळके यांच्यासारखी, धोपटेश्वरहून पुढे होऊन रझाकारांशी झुंजलेली बाई गावोगाव होती. निरोप पोहोचवणाऱ्या, सरहद्दीवरच्या शिबिरांना भाकरी बांधून देणाऱ्या बायका होत्या, आणि त्यांची नावे कोणत्याच फरशीवर नाहीत. माझ्या दादीला भाकरी देणाऱ्या त्या सासूचे नावसुद्धा आम्हाला ठाऊक नाही. दादी त्यांना ‘अक्का’ म्हणत असे, एवढेच.

आपल्यापैकी जे तयार असतील त्यांनी आपापल्या गावातल्या वृद्धांशी बोलून नोंदी कराव्यात का? विचारायचे काय, हे आधी एकत्र ठरवता येईल.

---

गोदातीर
२२ सप्टेंबर, सायंकाळी ७.१०

बोरीकाठ, अवश्य करू. मी काही कच्चे प्रश्न लिहितो, त्यात सर्वांनी भर घालावी.

‘रझाकारांनी काय केले?’ किंवा ‘पोलीस ॲक्शनमध्ये काय झाले?’ असे थेट विचारू नये, असे मला वाटते. मग माणसे भाषणात ऐकलेलेच पुन्हा सांगतात. त्याऐवजी त्या वर्षी शेतात काय पेरले होते, काढणी कोणी केली, घर सोडले असेल तर कोणत्या वाटेने आणि कोणाकडे गेले, परत आल्यावर घरात काय सापडले आणि काय नव्हते, गावातून कोणती कुटुंबे कायमची गेली, त्यांची जमीन आज कोण कसते, असे विचारावे. शेवटचा प्रश्न नाजूक आहे, पण तो वगळू नये. वेठबिगारी केव्हा बंद झाली आणि गावच्या विहिरीवर सर्वांना पाणी केव्हा भरता आले, हे प्रत्येक गावी विचारावे, कारण ‘मुक्ती’ कोणाला कोणत्या साली मिळाली ते त्यातूनच कळेल. १९७८ विषयीही याच पद्धतीने, घरोघरच्या तपशिलाने विचारावे. सांगणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे लिहावेत, मग ते दखनीत असोत की गावठी मराठीत. नाव जाहीर करावे की नाही हे सांगणाऱ्याने ठरवावे.

उर्दू कागद असतील तर त्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत. बालाघाटी, आपल्या तालुक्यातले ते अर्जनवीस अद्याप असतील तर त्यांच्याजवळ बसून एखाद्या तरुणाला ती वळणे शिकता येतील का, याची चौकशी कराल का?

---

बालाघाटी
२२ सप्टेंबर, रात्री ८.३०

ते आहेत; दृष्टी मात्र आता अधू झाली आहे. रविवारी त्यांच्याकडे जातो. माझी मुलगी बारावीला आहे आणि तिला लिपीची आवड आहे, तिलाही बरोबर नेईन. आमचेच मुंतखब आधी वाचायला घेऊ. आजीची मोठी बहीण नगर जिल्ह्यात आहे. त्या बैलगाडीत ती बसली होती. तिच्याकडून वाटेतल्या गावांची नावे विचारून पहिली नोंद मी देतो.

---

नागसेनवन
२२ सप्टेंबर, रात्री ९.१५

नांदेड आणि परभणीकडच्या ज्या वस्त्या १९७८ मध्ये जळाल्या, त्यांतल्या आमच्या ओळखीच्या तीन-चार वस्त्यांपासून मी सुरुवात करतो. गोदातीर, प्रश्नांत एकाची भर घालावी : त्या रात्री गावातल्या कोणी दार उघडले होते का, आणि उघडले असेल तर त्यांचे नाव काय. अक्कांच्या बाबतीत जे राहून गेले ते येथे राहू नये.